दुसऱ्यांदा तपासायचं नाही

सिलिंडर फुटतो कसा हे ज्यानं पाहिलेलं नाही, त्याला ठोक्याचं डोकं कळायचं नाही. म्हणून आधी ते सांगून टाकतो, मग पुढचं पाप सांगायला मी मोकळा.

शहराच्या टोकाला पत्र्याची एक लांबलचक शेड होती. दवाखान्यांचे ऑक्सिजनचे सिलिंडर ठरावीक वर्षांनी तिथं परीक्षेला येत. ठोक्या तिथला मुख्य परीक्षक. आधी तो सिलिंडरला हातोडीचा एक ठोका द्यायचा आणि कान लावायचा. धड सिलिंडर खणखणीत वाजतो, आतून गंजलेला बद्द वाजतो. या ठोक्यावरूनच त्याला हे नाव पडलं आणि खरं नाव बायकोखेरीज कुणाच्या लक्षात राहिलं नाही. मग सिलिंडरमध्ये पाणी भरायचं आणि पंपानं दाब वाढवत न्यायचा. लोखंड थोडं फुगतं. दाब सोडल्यावर ते मूळच्या मापावर आलं तर पास. नाही आलं तर फेल, आणि फेल झालेल्याचे त्याच दिवशी कटरनं दोन तुकडे करायचे.

हे काम ठोक्याला शिकवलं एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं. त्या मिस्त्रीनं आयुष्यात एकदाच दयामाया दाखवली. एका दवाखान्याचा माणूस फेल झालेल्या सिलिंडरसाठी हातापाया पडला, म्हणाला पेशंट खोळंबलेत, एकदा पुन्हा बघा. मिस्त्रीनं पुन्हा दाब दिला, काटा केसभर अलीकडे थांबला, आणि मिस्त्रीनं पासचा शिक्का ठोकला. तिसऱ्या दिवशी गॅस भरताना तो सिलिंडर फुटला. ठोक्या तेव्हा बावीस वर्षांचा, वीस पावलांवर उभा. धुरळा खाली बसला तेव्हा त्याला दिसलं की भिंतीला ट्रक जाईल एवढं भोक पडलंय आणि मिस्त्री कमरेखाली उरलेलाच नाही. वरचा मिस्त्री मात्र अजून जिवंत होता, ओठ हलवत होता. ठोक्यानं दोन्ही हातांनी ते वाहणारं पोट दाबून धरलं, पण काय दाबणार कपाळ? बोटांमधून सगळं निसटत गेलं आणि मिनिटाभरात मिस्त्री संपला.

दुसऱ्या दिवशी ठोक्यानं शेडच्या भिंतीवर लाल ऑइलपेंटनं हातभर अक्षरांत लिहिलं: फेल ते फेल. दुसऱ्यांदा तपासायचं नाही. पुढं तो मुख्य झाला आणि हे वाक्य शेडचा कायदा झालं. एकदा एका ट्रक ड्रायव्हरनं फेल सिलिंडर गुपचूप पुन्हा रांगेत उभा केला, तर ठोक्यानं त्याचा जबडा दोन ठिकाणी मोडला. पोलिसांत गेलं, मिटलं. शेडमधले लोक म्हणाले, ठोक्या तापट आहे खरा, पण त्याच्यामुळे आपण घरी धड परत जातो. तेही खोटं नव्हतं. माणूस चांगला असतो आणि त्याच चांगुलपणानं पुढं जाऊन माती खातो, असं बघितलंय मी पुष्कळदा.

शेडमध्ये ठोक्याचा एकच जीवाभावाचा माणूस होता, चावी. सिलिंडरचे वॉल्व्ह उघडायची हातभर लांब दांड्याची चावी सतत त्याच्या खांद्यावर असायची, म्हणून चावी. वय अठ्ठावीस, तोंडाळ, हसरा, ठोक्याच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहायचा. ठोक्याला दादा म्हणायचा, त्याच्या बायकोला वहिनी. त्याचं लग्न ठरलं होतं आणि शेडमध्ये सगळे त्याला उतावळा नवरा म्हणून चिडवायचे.

करोना आला आणि शेडला उसंत राहिली नाही. जो तो ऑक्सिजन मागत होता. ठोक्या सोळा-सोळा तास राबला आणि शेवटी स्वतःच तापानं फणफणला. अकरा दिवस दवाखान्यात नाकाला नळी. चावीनं त्या अकरा दिवसांत काय नाही केलं? औषधं आणली, रिकामी खाट शोधायला चार दवाखाने पालथे घातले, वहिनीच्या दाराबाहेर भाजी आणि दूध ठेवून लांबूनच हाक मारली. ठोक्या घरी आला तो दहा किलोनं उतरून, पण आला. बायकोनं त्या दिवशी त्याचा हात धरून रडून घेतलं.

खरे हाल त्यानंतर सुरू झाले. घरी येऊन आठवडाही झाला नव्हता आणि ठोक्याचं खाली दुखायला लागलं. उजव्या बाजूची गोटी सुजून लिंबाएवढी झाली. पँट घालवेना, जिना उतरताना एकेक पायरी जीव काढायची. लघवीला दर अर्ध्या तासाला पळायचं आणि तिथं उभं राहून दातांखाली रुमाल धरायचा, कारण थेंब थेंब आग उतरायची. एकदा तर त्यानं संडासच्या भिंतीवर डोकं आपटून घेतलं, टाइल तडकली. बायकोनं विचारलं तर म्हणाला, पाय घसरला. पुरुषाचं दुखणं हे असंच. गुडघा दुखला तर सगळ्या बिल्डिंगला सांगतील, आणि इथं दुखलं तर जीव गेला तरी चालेल पण तोंड उघडणार नाहीत.

दहा दिवस सोसून तो दवाखान्यात गेला. लघवीचे डॉक्टर म्हणून ज्यांचं नाव सांगितलं होतं त्या बाई निघाल्या. पन्नाशीच्या, सडसडीत, बोलणं रोखठोक. ठोक्या खुर्चीतून उठायलाच लागला, तर त्या म्हणाल्या, बसा, माझ्या टेबलावर दिवसाला तीस जण पँट उतरवतात, तुमचं काही वेगळं नसणार. मग त्यांनी तपासलं, सोनोग्राफी केली, लघवी तपासायला पाठवली आणि नीट समजावून सांगितलं. हा विषाणू फुप्फुसापुरता राहतोच असं नाही. रक्तातून फिरतो, काही पुरुषांच्या अंडकोषांना सूज आणतो, काहींच्या मूत्राशयाला त्रास देतो, काहींना काही दिवस बायकोजवळ जायला जमत नाही. सगळ्यांना होतं असं नाही, आणि ज्यांना होतं त्यातले बहुतेक बरे होतात.

ठोक्याला एकच विचारायचं होतं. लग्नाला सहा वर्षं झाली होती, घरात पाळणा हलला नव्हता, दोघांनी वाट बघून बघून तो विषयच बोलायचं सोडलं होतं. मूल होईल ना, असं त्यानं जमिनीकडे बघत विचारलं. बाई म्हणाल्या, तीन महिने थांबा, मग वीर्य तपासू. पण थांबेल तो ठोक्या कसला? पाचव्या आठवड्यात त्यानं हट्टानं तपासणी करून घेतली. रिपोर्टवर लिहिलं होतं, शुक्रजंतू शून्य.

बाईंनी त्याचं तोंड बघितलं आणि कागद टेबलावर उलटा ठेवला.

"माझं ऐका," त्या म्हणाल्या. "कारखाना बंद पडलाय, पाडलेला नाही. हे बी तयार व्हायला अडीच महिने लागतात. तुमच्या तापात जे जळालं त्याचा हा हिशेब आहे, पुढचा नाही. तीन महिन्यांनी या, पुन्हा तपासू. तोवर मनानं काही ठरवू नका."

हेच त्यांनी कागदाच्या तळाशी हातानं लिहूनही दिलं आणि खाली दोनदा रेघ मारली. ठोक्यानं मान हलवली. पालथ्या घड्यावर पाणी. त्याच्या डोळ्यांपुढं फक्त शून्य होतं आणि त्यामागं शेडची भिंत होती. पुन्हा तपासा म्हणणाऱ्यांचं काय होतं हे त्यानं दोन्ही हातांनी धरून बघितलेलं होतं. रिपोर्टची चौकोनी घडी करून त्यानं ती पाकिटात ठेवली आणि बायकोला सांगितलं, सगळं ठीक आहे. त्या दिवशी शेडमध्ये एक सिलिंडर फेल गेला. कटरवाल्याला बाजूला सारून ठोक्यानं तो स्वतः कापला, आणि दोन तुकडे झाल्यावरही घणानं झोडत राहिला, हाताची कातडी सोलून निघेपर्यंत.

औषधांनी सूज उतरली. लघवीची आग गेली. रात्रीचं जमत नव्हतं तेही तीन-चार महिन्यांनी जमायला लागलं. बायको खूश होती, पूर्वीसारखी गुणगुणायला लागली होती. कुठल्याही शहाण्या माणसाला कळलं असतं की गाडी रुळावर येतेय. ठोक्याला मात्र त्यात फक्त विटंबना दिसायची. आपण नापास झालेला माल आहोत आणि हिला ते माहीत नाही, एवढंच त्याच्या मनात घुमायचं. पुन्हा दवाखान्याकडे तो फिरकला नाही. बाईंच्या दवाखान्यातून दोनदा फोन आला, दोन्ही वेळा त्यानं कापला.

असे सात महिने गेले. बायको कपड्यांच्या कारखान्यात कटिंगला होती. एका दुपारी तिला टेबलापाशी उभ्या उभ्या चक्कर आली. तिनं ठोक्याला फोन केला. तो पंपाच्या खड्ड्यात, कानांवर आवाज अडवायच्या टोप्या. चार वेळा वाजून फोन गप्प झाला. मग तिनं चावीला फोन केला, कारण त्या दिवशी त्याची सुट्टी होती. तो तिला मोटरसायकलवर बसवून दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या नर्सनं गोड बातमी दिली आणि चार दिवस घरी पडून राहायला सांगितलं. संध्याकाळी नवरा घरी येईल, त्याला समोर बसवून सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं. पण त्या दिवशी शेडमध्ये काम वाढलं, ठोक्या आला तेव्हा ती गाढ झोपलेली, आणि सकाळी ती उठायच्या आत तो निघून गेला. नशिबाला खेळ करायला एवढी फट पुरते.

सकाळी शेडमध्ये चावी हसत हसत आला. ठोक्या पंपापाशी वाकला होता. चावीनं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि मोठ्यानं म्हणाला, दादा, पार्टी कधी, मी काका होणार म्हणे. आजूबाजूचे चार-पाच जण वळून बघायला लागले, टाळ्या वाजवायला लागले.

ठोक्यानं विचारलं, तुला कुणी सांगितलं. चावी म्हणाला, कुणी कशाला सांगायला हवं, मीच तर घेऊन गेलो होतो वहिनीला.

बस्स. सुतावरून स्वर्ग गाठायला ठोक्याला क्षण लागला नाही. अकरा दिवस आपण खाटेवर आणि हा आपल्या दारात. मूल होणार हे आपल्या आधी याला माहीत. आणि पाकिटात शून्य. तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ती कशी जाते हे शेडमधल्या लोकांनी त्या दिवशी बघितलं. ठोक्यानं कानांवरच्या टोप्या काढल्या, नीट खुंटीला लावल्या आणि वळून चावीच्या तोंडावर डोक्यानं धडक मारली. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांना आला.

चावी खाली बसला. त्याला वाटलं, दादाचा तोल गेला. तो रक्त पुसत हात वर करत होता, मला उठव म्हणून. ठोक्यानं तो हात धरला आणि गुडघ्यावर काटकी मोडावी तसा मोडला. मग चावी ओरडला. मग त्याला उताणा पाडून ठोक्यानं लाथा घातल्या, आणि कुठं घालायच्या हे त्यानं ठरवलेलं होतं. त्याच्या पायांत कामाचे बूट होते, टाचेला आणि टोकाला पोलाद. पहिल्या लाथेला चावीचा श्वास बंद झाला. दुसरीला तो कुशीवर वळला, तर ठोक्यानं त्याला खांद्याला धरून पुन्हा सरळ केलं. तिसरी, चौथी, पाचवी. तुझं लग्न आहे ना, तुझं लग्न आहे ना, असं तो दात खाऊन म्हणत होता. चावी दादा, दादा एवढंच म्हणत होता, आणि मग तेही म्हणेना.

चौघांनी मिळून ठोक्याला ओढलं. एकाच्या कानाचा त्यानं चावा घेतला, एकाला पंपावर आपटलं. चावीच्या खाकी पँटवर पुढच्या बाजूनं काळपट डाग पसरत होता. सगळे त्याच्याकडे धावले आणि ठोक्याला सोडलं, ही त्यांची चूक. तो शेडमधून बाहेर पडला आणि भर उन्हात सरळ घराकडे चालायला लागला. रस्त्यात ओळखीचे भेटले, त्याच्या शर्टावरचं रक्त बघून बाजूला झाले.

बायको स्वयंपाकघरातल्या टेबलावर बाळाच्या दुपट्यासाठी कापड मांडून बसली होती. पडून राहायला सांगितलेलं, पण तिचा हात कात्रीविना राहत नसे. दार उघडल्यावर ती हसली आणि म्हणाली, बरं झालं लवकर आलात, मला तुम्हाला काही सांगायचंय. ठोक्यानं दाराची कडी लावली. पुढच्या क्षणाला तिच्या कानशिलात असा बसला की ती खुर्चीसकट फरशीवर गेली.

तिला काही कळेना. सहा वर्षांत त्यानं जगाला मारलं होतं, तिच्यावर कधी बोट उचललं नव्हतं. ती उठायला लागली तर त्यानं केसांना धरून तिचं तोंड टेबलाच्या पायावर आदळलं. ओठ फाटला, पुढचा दात तुटून घशाशी आला. कुणाचं आहे, कुणाचं आहे, हा एकच घोषा. तिनं अंगाचं मुटकुळं केलं, दोन्ही हात पोटावर घेतले. कमरेत लाथ बसली, तिनं ती पाठीवर झेलली. मग ठोक्यानं पाकिटातून तो चौकोनी कागद काढला आणि तिच्या तोंडावर फेकला.

"वाच," तो म्हणाला. "शून्य. माझ्यात काही नाहीच. आता सांग हे कुठून आलं."

फरशीवर पडल्या पडल्या तिनं कागद उलगडला. रक्ताचे थेंब त्यावर पडत होते, ते ती पालथ्या हातानं पुसत होती. कटिंगची बाई ती; कापडाला हात लावायच्या आधी माप दोनदा बघायची सवय. तिनं आधी तारीख बघितली. मग खालपर्यंत वाचत गेली आणि दोन रेघांपाशी थांबली.

"हा कागद सात महिन्यांपूर्वीचा आहे," ती तुटक्या दातातून म्हणाली. "तीन महिन्यांनी पुन्हा या, असं लिहिलंय. गेला होतात?"

"फेल ते फेल."

"गेला होतात का?"

तिनं हे दुसऱ्यांदा विचारलं. त्यानं बुटाचा पाय उचलला, आणि या वेळी तो पाठीवर येणार नव्हता. हातांनी झाकलेल्या पोटावर येणार होता. तिनं ते बघितलं. टेबलावरून खाली पडलेली कात्री तिच्या कोपराशी होती, हातभर पोलादाची, दहा पदरी कापड कापणारी. ती उचलून तिनं मूठभर ताकद होती ती सगळी लावून ठोक्याच्या मांडीत घातली, आतल्या बाजूला, अर्धं पातं जाईपर्यंत. ठोक्या गुरासारखा ओरडून खाली आला. ती रांगत मागं सरकली, कात्री दोन्ही हातांत धरून.

"आता हललास तर गळ्यात घालेन," ती म्हणाली. नवऱ्याला अरे-तुरे करायची तिची ही पहिली वेळ. तेवढ्यात शेजाऱ्यांनी दार फोडलं.

एकाच रुग्णवाहिकेत दोघांना घालता येईना, म्हणून दोन आल्या. पोहोचले मात्र एकाच मोठ्या दवाखान्यात, चावीला नेलं होतं तिथंच. ठोक्याच्या मांडीला सतरा टाके पडले आणि एक हात बेडीनं खाटेला. शेजारी एक वयस्क हवालदार स्टूल टाकून बसला. ठोक्याची मस्ती अजून उतरली नव्हती. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो सांगत होता, माझी बाजू ऐका, मला फसवलंय, माझ्याजवळ कागदी पुरावा आहे. हवालदारानं तो रक्तानं माखलेला कागद हातात घेऊन वाचला, तारखेवर बोट ठेवलं आणि शांतपणे म्हणाला, मग पुन्हा तपासून घे की, एवढा खरा असशील तर.

दुसऱ्या सकाळी त्याच लघवीच्या डॉक्टर बाई वॉर्डात आल्या; इथली ऑपरेशनंही त्याच करत. रात्रभर ऑपरेशन करून डोळे लाल झालेले. त्यांनी ठोक्याला ओळखलं, आणि ठोक्याला वाटलं, या आता ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी एक प्लास्टिकची डबी त्याच्या छातीवर ठेवली आणि हवालदाराला सांगितलं, याला बाथरूमपर्यंत घेऊन जा, बेडी काढा, बाहेर उभे राहा.

बाथरूममध्ये ठोक्या एका पायावर उभा राहिला, भिंतीला टेकून, हातात ती डबी. मांडी ठणकत होती. आणि तिथं पहिल्यांदा त्याला भीती वाटली. सात महिन्यांपूर्वी याच तपासणीत शून्य येऊ नये म्हणून त्यानं देवाला हात जोडले होते. आज तो उलटं मागायला लागला. शून्य येऊ दे. शून्य आलं तर तो फसवला गेलेला नवरा होता, लोक चार शब्द बरे बोलले असते, त्याला स्वतःला झोप लागली असती. शून्य नाही आलं तर? तर कोण होता तो? पुढचं त्याच्याच्यानं मनातसुद्धा बोलवेना. इतकी वर्षं मुलासाठी झुरलेला माणूस स्वतः वांझ असावा म्हणून तिथं रडत उभा होता. बाहेरून हवालदारानं दोनदा दार वाजवलं तेव्हा कुठं तो बाहेर आला.

दुपारी बाई कागद घेऊन आल्या. या वेळी त्यांनी तो उलटा ठेवला नाही. एका मिलिलिटरला चार कोटी ऐंशी लाख शुक्रजंतू, असं त्यांनी वाचून दाखवलं. चाल थोडी मंद आहे, पण मूल व्हायला भरपूर. तारखा जुळतात. तुमच्या बायकोच्या पोटातल्या बाळाचे ठोके काल सोनोग्राफीत दिसले, रक्तस्राव होता तो थांबलाय.

ठोक्यानं कागद ओढून घेतला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाला, "बाई, पुन्हा एकदा तपासा ना. काहीतरी चुकलं असेल."

बाई खाटेच्या कडेवर बसल्या. त्यांनी सांगितलं, चावीची एक गोटी त्यांना काढून टाकावी लागली, तिचा चिखल झाला होता. दुसरी शिवलीये, राहील की जाईल ते आठवड्यानं कळेल. लघवीची नळी फाटलीये, तिचं वेगळं ऑपरेशन करावं लागेल. शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिलं काय विचारलं, तर दादाला काय झालं होतं. त्याची होणारी बायको काल दुपारपासून बाहेरच्या बाकावर बसून आहे, घरचे न्यायला आले तर गेली नाही.

"करोनानं तुमचं जे चार महिने बंद ठेवलं, ते तुम्ही त्याचं पाच लाथांत कदाचित कायमचं केलंत," त्या म्हणाल्या. "तुमचं पुन्हा तपासायचं कारण आता मला दिसत नाही." आणि त्या उठून गेल्या. त्यांना अजून पाच पेशंट बघायचे होते.

तिसऱ्या दिवशी बायकोला घरी सोडलं. तिचा भाऊ न्यायला आला होता. जिन्याकडे जायचा रस्ता ठोक्याच्या वॉर्डावरूनच होता. भाऊ तिला दुसऱ्या बाजूनं वळवायला लागला, तर ती नको म्हणाली आणि सरळ आत आली. तोंड सुजलेलं, ओठाला टाके, एक डोळा मिटलेला. ठोक्यानं उशीखालून नवा रिपोर्ट काढला आणि बेडी नसलेल्या हातानं पुढं केला. त्याला वाटत होतं, हा कागद बघून तिला निदान एवढं कळेल की आता आपल्याला कळलंय. आपलंच आहे गं, तो म्हणाला. आपलंच आहे, मला कळलं. तो रडत होता, आणि ते रडणं खरं होतं, एवढं मी त्याच्या बाजूनं सांगतो.

तिनं कागद घेतला नाही.

"तुझंच आहे," ती म्हणाली. "मला ते कागदावरून कळायचं नव्हतं. बाप कोण, हे मी बाळापासून कधी लपवणार नाही. मोठं झालं की सांगेन. आणि तू त्याच्यावर बूट उचलला होतास, तेही सांगेन. मग तुला भेटायचं की नाही ते त्याचं त्याला ठरवू दे."

भावानं तिची पिशवी उचलली. ती कमरेवर हात ठेवून हळूहळू वॉर्डाबाहेर गेली आणि बाकावर अजून बसून असलेल्या चावीच्या होणाऱ्या बायकोशेजारी जाऊन बसली.